वाजवायची टोपली

१

“मेला तो ढोल. एवढी वर्षं बडवतायत, फाटत कसा नाही?”

पाळणाघराच्या दारात एका पायावर उभी राहून मी दुसऱ्या पायातला बूट काढत होते, तेव्हा अगदी माझ्या कानाशी कुणीतरी हे पुटपुटलं. वळून पाहिलं तर वरच्या मजल्यावरचे आजोबा. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. मला बघून ते दचकले, “आलात का तपासायला,” एवढं म्हणाले आणि त्यांच्या गुडघ्यांना न शोभणाऱ्या वेगानं जिना चढून गेले.

मी पाळणाघरं तपासते. हे सांगितलं की लोकांना वाटतं, ही बाई कपाटावरून बोट फिरवून धूळ बघत असणार. धूळही बघते. पण माझं खरं काम म्हणजे दोन दिवस कोपऱ्यात बसून राहणं. पोरांचे हात धुतले जातात का हे बघायचं, पण हात धुताना मोठं माणूस त्या पोराशी बोलतं की भांडं घासल्यासारखं घासतं, हे जास्त बघायचं. खेळणी आहेत का हे बघायचं, पण ती पोरांच्या हाताला येतात की पाहुण्यांसाठी कपाटावर मांडलेली आहेत, हे जास्त. रडणाऱ्याला कोण उचलतं, उचलताना त्याचं तोंड कसं असतं. प्रत्येक गोष्टीला एक ते सात गुण. आणि हे सगळं करताना मुलांशी बोलायचं नाही, हसायचं नाही, कौतुकानं मानसुद्धा हलवायची नाही. थोडक्यात, भिंत व्हायचं. माझा नवरा म्हणतो, त्यासाठी तुला वेगळं शिकावं लागलं नसेल.

हे पाळणाघर माझ्या चांगल्या ओळखीचं. ते चालवणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे मोठी ताई म्हणतात. इथे माणसांना मिळणारे गुण नेहमी वरचे. जागेचे मात्र बेताचे, कारण अंगण रुमालाएवढं आणि न्हाणीघराच्या भिंतीला कायमची ओल. यंदा नवा नियम आला होता. सरासरी पाचाच्या खाली गेली की परवाना गेला. मोठ्या ताईंची सरासरी पाचाच्या उंबरठ्यावर बसून पाय हलवत होती. एखाद्या खात्यात तळ गाठला असता, तर दाराला कुलूप.

आत गेले. पोरं अजून आली नव्हती. नवी ताई खालच्या फडताळासमोर उभी होती. तिला येऊन दोन वर्षं झाली, पण तिच्यानंतर कुणी आलं नाही, म्हणून ती नवीच राहिली. फडताळावर वेताची टोपली, टोपलीवर ढोलाचं चित्र चिकटवलेलं. ही वाजवायची टोपली. छोटा ढोल, झांजा, खुळखुळे, घंट्यांची माळ, सगळं त्यात. संगीताच्या खात्यातले गुण तिच्या जिवावर मिळतात. मुलांच्या हाताशी एकही वाद्य नसेल तर त्या खात्यात फक्त एक.

टोपली रिकामी होती.

“ढोल कुठे गेला?” नवी ताई म्हणाली. “आणि झांजा?”

स्वयंपाकाच्या मावशी हातात सोलणं घेऊन आल्या. त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं, मग ती उलटी करून झटकली, जणू ऐवज तळाला चिकटून बसला असेल. “खुळखुळे कुणी नेले?” त्या म्हणाल्या. “ती घंट्यांची माळपण नाही.”

दोघींचे चेहरे पडले होते, आणि ते नाटक नव्हतं. नाटकी चेहरे बघण्यातच माझा जन्म चाललाय.

मग मोठी ताई आल्या. त्यांनी टोपलीकडे पाहिलं. मग आमच्या तिघींच्या तोंडाकडे, सावकाश, एकेक करून.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “मुलं येतायत. चला, हात धुऊन घेऊ.”

ज्या टोपलीवर सगळं घर उभं आहे ती रिकामी झाल्यावर माणूस “असू दे” का म्हणतं?

२

पोरं आली आणि मी माझ्या कोपऱ्यात, गुडघे हनुवटीला लागतील अशा बुटक्या खुर्चीवर बसले. पोरांच्या लेखी माझं नाव कोपऱ्यातली बाई.

या घरात एक रीत आहे. इथली पोरं लांबून हाका मारत नाहीत. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या समोर येतात, त्याच्या गुडघ्यावर दोनदा टपटप करतात आणि तो माणूस खाली वाकेपर्यंत थांबतात. मोठी ताई तर जमिनीवर गुडघेच टेकतात, पोराच्या नाकासमोर नाक आणतात, त्याचं सगळं पुराण ऐकून घेतात आणि त्याला ते परत सांगतात. “म्हणजे तुझा मोजा ओला झालाय, पण तुला तो बदलायचा नाहीये. बरोबर?”

आमच्या शास्त्रात याला सोन्याचा भाव. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येणं, सात. बोलणं मधेच न तोडणं, सात. ऐकलेलं परत सांगणं, सात. बाकीच्या ठिकाणी माझ्यासमोर दोन दिवस हे करून दाखवतात आणि तिसऱ्या दिवशी कमरेला मलम लावून बसतात. इथे मात्र बारा महिने चालतं. इथल्या पोरांना इतकी सवय आहे की त्यांना टेबलाशी काही बोलायचं असलं तरी आधी टेबलाच्या पायावर टपटप करतील.

कोपऱ्यातून खोली नीट दिसते. आणि त्या सकाळी जे दिसत होतं, त्यापेक्षा जे दिसत नव्हतं ते जास्त होतं. भिंतीवरचं घड्याळ नव्हतं. दर तासाला दार उघडून पक्षी बाहेर येतो आणि ओरडतो, ते. त्याच्या जागी रंग न उडालेला चौकोन. न्हाणीघराच्या टबातलं, दाबलं की चूं करणारं पिवळं बदक नव्हतं. पंखा बंद होता, आणि मावशी पदरानं मान पुसत होत्या. खुर्च्यांच्या पायांना चक्क मोजे घातलेले, पोरांचे जुने, एकाला पट्टे तर दुसऱ्याला ससे. माझ्या खुर्चीच्या एका पायाला टाचेला भोक होतं.

चोर मोठा चोखंदळ होता. नवी कोरी आगगाडी त्यानं ठेवली. बाहुल्या, चित्रांची पुस्तकं, रंग, सगळं जागच्या जागी. नेलं ते फक्त आवाज करणारं.

मला नव्या ताईचा संशय यायला लागला. ती सकाळपासून मोठ्या ताईंच्या मागे होती. मदतीला म्हणावं तर हात रिकामे. मोठी ताई खिडकीशी गेल्या, ही खिडकीशी. त्या बसल्या, ही त्यांच्या पाठीमागे उभी, डोळे सगळ्या खोलीवर. पाळत ठेवावी तशी.

तेवढ्यात दोघा पोरांनी रचलेला लाकडी ठोकळ्यांचा मनोरा कोसळला. असा धडाडधूम झाला की माझं पेन उडालं, मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या, आणि शेजारी बसलेल्या एका चिमुरड्यानं घाबरून भोकाड पसरलं. मोठी ताई त्या सगळ्याकडे पाठ करून एका मुलीच्या बुटाची नाडी बांधत होत्या. त्यांची बोटंसुद्धा थांबली नाहीत. नाडी पूर्ण बांधून झाली. मग नवी ताई वळसा घालून त्यांच्या समोर गेली आणि तिनं कोपराला हलकेच हात लावला. त्या वळल्या, रडणारा त्यांना दिसला, आणि पुढच्या क्षणी तो त्यांच्या खांद्यावर होता.

केवढा हा संयम, मी मनात म्हटलं, आणि संयमाला सात दिले.

आकडा लिहीत होते तोच डोक्यावर, छतापलीकडून, दबलेला पण ओळखीचा आवाज आला.

कुक्कू.

३

मुलं झोपली की मला मोठ्या माणसांशी बोलायची मुभा असते. मी आधी जिना चढले.

आजोबांनी दार बोटभर उघडलं. आत पलंगावर उशांचा ढीग होता आणि ढिगातून टिकटिक येत होती. मी नुसतं त्या ढिगाकडे पाहिलं.

“बिघडलंय,” ते म्हणाले. “दुरुस्तीला आणलं.”

“बरोबर वाजतंय की.”

“तेच बिघडलंय.”

मी वाट बघत राहिले. भिंत व्हायचा हा फायदा आहे, समोरचा आपण होऊन बोलतो. ते कानातल्या यंत्राला हात लावत म्हणाले की या पिटुकल्याला ढोल आणि माणूस यांतला फरक कळत नाही, दोन्ही सारखंच मोठं करतं, आणि मग माणसाचं बोलणं त्यात बुडून जातं. एवढं सांगून एकदम थांबले, जीभ चावल्यासारखे. मग विषय बदलावा म्हणून म्हणाले, “पण आज ढोल कसा नाही वाजला? झांजाही नाहीत. बदकसुद्धा गप्प. मी एवढं कधी म्हटलं नव्हतं.” आणि सकाळी ढोलाला शिव्या घालणारा तो माणूस खरंच काळजीत दिसत होता.

मावशींकडे गेले. स्वयंपाकघर आणि मुलांच्या झोपायच्या खोलीच्या मधे मोठी काच आहे, झोपलेली पोरं इथूनही दिसावीत म्हणून. काचेपलीकडे मोठी ताई गाद्यांच्या मधोमध बसून कुणालातरी थोपटत होत्या. मावशी कुजबुजत म्हणाल्या की ढोल गेला तर त्या दुवाच देतील, कारण तो वाजला की त्यांचं डोकं उठतं. पण अख्खी टोपली? खुळखुळ्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? मग त्यांनी मला जवळ ओढून सांगितलं की समोर ते नवीन पाळणाघर झालंय ना, काचेचं, तिथल्या लोकांनी नव्या ताईला बोलावणं पाठवलंय. आता काय ते तुम्हीच समजा.

मी समजायला म्हणून बटाट्यांच्या पिंपावर टेकले. मावशींनी तोंडावर हात घेतला. पिंपाच्या आतून आवाज आला, धम्.

“हल्ली बटाटे फार पोकळ निघतात,” मावशी म्हणाल्या.

नव्या ताईनं बोलावणं आल्याचं लगेच कबूल केलं. ती नाही म्हणून आली होती.

“का? तिथे सगळं नवं आहे.”

“तिथे भिंतीभर कॅमेरे आहेत,” ती म्हणाली. काचेकडे बघून पुढचं वाक्य तिनं गिळलं, आणि मग वेगळंच काढलं. “इथे मी आहे.” तिनं कपाटावरची आपली पिशवी सरकवली. आत तान्हं बाळ असावं इतक्या हलक्या हातानं. तरी आतून किणकिण झाली, आणि तिनं ती खोकून झाकली.

चौथी साक्ष मी घेतली नाही, तिनंच माझी घेतली. इथे एक चार वर्षांची मुलगी आहे, तिला सगळे वकीलबाई म्हणतात. तिची आई रुग्णालयात परिचारिका. आईची पाळी संपेपर्यंत ती सर्वांत उशिरा घरी जाते आणि तोवर सगळ्यांची उलटतपासणी करते. झोपेतून उठून ती माझ्यासमोर आली. टपटप.

“तू बोलत का नाहीस? तुला शिक्षा झालीये?”

मी भिंत.

“घड्याळ कुठंय? ढोल कुठंय? झांजा तू पळवल्यास ना?”

मी भिंत, पण भिंतीला घाम फुटला होता.

“सांगू नकोस,” ती उदारपणे म्हणाली. “पण माझ्या गादीवर बसायचं नाही. तिच्यात कुणीतरी झोपलंय.” ओठांवर बोट ठेवून ती गेली. तिच्या गुंडाळलेल्या गादीतून पिवळी चोच बाहेर आली होती.

म्हणजे पहिल्याच दिवशी सगळा माल सापडला. खरं तर मालापर्यंत जायचीही गरज नव्हती. नवी ताई ढोल आणि झांजांसाठी हळहळली, खुळखुळ्यांचं नाव तिनं काढलं नाही. मावशी खुळखुळे आणि घंट्यांसाठी हळहळल्या, ढोलाबद्दल अवाक्षर नाही. आजोबांना बदकाचीसुद्धा काळजी. आणि वकीलबाई ज्याच्याशिवाय जेवत नाही, त्या बदकाची तिनं एकदाही चौकशी केली नाही. ज्यानं जे नेलं तेवढंच त्याला हरवलेलं दिसत नव्हतं. बाकीचं गायब झालेलं बघून मात्र प्रत्येकाला खरा धक्का बसला होता.

चार चोर. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी, जिच्यावर त्यांचा जीव आहे तिचंच घर लुटलं.

कशासाठी?

४

संध्याकाळी घरी मी भांडी घासत होते. नळ जोरात. बाहेरच्या खोलीतून नवरा काहीतरी सांगत होता. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर “हं” कुठे म्हणायचं याचा अंदाज येतो, म्हणून मी अधूनमधून “हं” म्हणत होते. मग फोन वाजला. मुलगी. तिचा आवाज बारीक, त्यात तिच्याकडे वारं.

“थांब गं,” मी म्हटलं, आणि नळ बंद केला.

आणि नळाच्या तोटीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. मुलगी तिकडून आई, आई करत होती.

समोर येऊन टपटप. नाकासमोर नाक. तोंडाकडे बघत राहणं. ऐकलेलं परत सांगून खात्री करून घेणं. कोसळलेला मनोरा, आणि नाडी बांधणारी ती न थांबलेली बोटं. मागे उभी राहणारी सावली, जी पाळत ठेवत नव्हती, पहारा देत होती. मी आनंदानं दिलेले सगळे सात एकाच दारातून आत आले होते. त्या बाईंनी आपल्या अडचणीतून एक अख्खी शिकवण्याची पद्धत उभी केली होती. पोरांना ती रीत वाटत होती, आम्हाला शास्त्र.

आणि त्या घरातल्या प्रत्येकानं, एकमेकांना न सांगता, तपासणीच्या दिवसापुरता आपापल्या परीनं एकेक नळ बंद केला होता. मावशींनी ढोलाचा. आजोबांनी घड्याळाचा. निदान दोन दिवस, कोपऱ्यातल्या बाईसमोर, हाक पोचावी म्हणून.

मी मुलीला नंतर फोन करते म्हटलं. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर “काही नाही” म्हटलं. जे कळलं होतं ते मी त्यालासुद्धा सांगितलं नाही.

नियम मला पाठ आहे. खोलीची जबाबदारी ज्याच्यावर, त्याला मुलं सतत दिसली पाहिजेत आणि ऐकू आली पाहिजेत. नियम काही मी केलेला नाही, पण तो उगाचही नाही. गोड बोलून तो बाजूला सारता येत नाही. पाठीमागे घास अडकलेलं पोर टपटप करायला येत नाही.

त्या नियमाला एक शेपूट आहे. ज्याची अडचण त्यानं तपासणी संपायच्या आत आपल्या तोंडानं सांगितली, तर त्याच खोलीत दुसरं जबाबदार माणूस कायमचं नेमता येतं, आणि पाळणाघर चालू राहतं. पण तपासणारीनं ती शोधून काढली, तर ती लपवाछपवी. मग कुलूप.

म्हणजे मला जे कळलं होतं ते उद्या दुपारपर्यंत मला कळलेलं असून चालणार नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली अजून रिकामीच. आणि गंमत अशी की मी कोपऱ्यात बसून चोर परत येताना बघत होते. नवी ताई पिशवी छातीशी धरून फडताळापर्यंत गेली, ढोल नाही हे बघून मागे फिरली, कारण एकटीनं खुळखुळे परत ठेवले तर ढोलही तिच्याच माथी आला असता. थोड्या वेळानं मावशी ओच्यात काहीतरी गोल घेऊन आल्या, खुळखुळे नाहीत हे बघून मागे फिरल्या. आजोबा टॉवेल घेऊन दारापर्यंत आले आणि माझ्याकडे बघून “हवा छान आहे” म्हणून गेले.

दुपारी मुलं झोपली. मी आजोबांना खाली बोलावलं आणि तिघांना स्वयंपाकघरात काचेकडे पाठ करून बसवलं. मी स्वतः पिंपावर बसले, काचेकडे तोंड करून. धम्. मावशींनी डोळे मिटून घेतले.

पलीकडे मोठी ताई नेहमीसारख्या गाद्यांच्या मधे बसल्या होत्या. त्यांच्या मांडीशी वकीलबाई बदकाला घेऊन झोपेचं सोंग करत होती.

रहस्य उलगडायचं म्हणजे माणसानं खणखणीत आवाजात उलगडावं. पण काचेपलीकडे सगळी पोरं झोपलेली. त्यामुळे मी कुजबुजत सुरुवात केली.

“काय म्हणाल्या?” आजोबांनी विचारलं.

“चोरीबद्दल म्हणतायत,” नवी ताई कुजबुजली.

“कुणाबद्दल?” मावशी.

“शू,” सगळे एकमेकांना म्हणाले.

मी आवाज वाढवला नाही. एकेक शब्द मात्र सुटा केला, लहान मुलाला लिहायला सांगावा तसा, ओठ पुरते उघडून.

“असं तोंड वेंगाडून का बोलताय?” मावशींनी विचारलं.

मी सांगितलं की ढोल आणि झांजा या पिंपात आहेत. मावशी पदराशी चाळा करायला लागल्या. खुळखुळे आणि घंट्या कपाटावरच्या पिशवीत आहेत, आणि खुर्च्यांना मोजे कुणी घातले तेही मला माहीत आहे. नवी ताई खाली बघायला लागली. घड्याळ उशांखाली आहे. हे वाक्य आजोबांपर्यंत पोचवायला दोन माणसं लागली, पण पोचल्यावर ते लाजले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशींना पहिल्यांदाच कळत होतं की आपण एकट्या नव्हतो. “तूपण?” त्या नव्या ताईला म्हणाल्या, आणि समोरच्या काचेच्या पाळणाघराचा विषय त्यांनी जन्मभरासाठी सोडून दिला हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

“पण का नेलंत?” मी विचारलं.

माझं डोकं दुखतं, मावशी म्हणाल्या. दुरुस्ती, आजोबा म्हणाले. नवी ताई म्हणाली की खुळखुळे धुवायला काढले होते. तिघंही पिंपाकडे बघत होते. मी त्यांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारलं. तिघांच्याही तोंडात तेच एक वाक्य येऊन बसलं होतं आणि तिघांनीही दात घट्ट मिटले होते. प्रत्येकाला ते आपलं आपल्याला कळलं होतं, आणि प्रत्येकानं ठरवलं होतं की आपल्या तोंडून तरी ते जायचं नाही. कारण ते एकदा बोललं गेलं की खरं होतं.

मग मी त्यांना नियम सांगितला. सावकाश. शेपटासकट.

“मला काहीही ठाऊक नाही,” मी म्हटलं. “मी भिंत आहे. पण आज मी इथून उठायच्या आत कुणी आपण होऊन सांगितलं, तर दुसरी ताई रीतसर नेमता येईल. नेमायला कुठे शोधायलाही जायला नको. ती गेली दोन वर्षं न नेमताच उभी आहे.”

नव्या ताईचे डोळे भरून आले.

“आणि सांगितलं नाही, तर उद्या कुणीतरी माझ्यासारखंच कोपऱ्यात बसेल, आणि ती बाई भिंत नसेल. किंवा त्याच्या आधीच, पाठीमागे, एखाद्या पोराला काहीतरी होईल. ते इथल्या एकालाही चालणार नाही. सर्वांत कमी कुणाला चालेल, ते तुम्हाला माहीत आहे.”

“पण सांगायचं कुणी?” मावशी इतक्या हळू म्हणाल्या की आजोबांनी विचारलंसुद्धा नाही. “त्यांना तर वाटतं की आम्हाला कुणालाच…”

त्या थांबल्या, कारण मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी काचेकडे बघत होते. मग तिघंही वळले.

गाद्यांच्या मधली जागा रिकामी होती.

त्या कुजबुजीतलं निम्मं आम्हा चौघांना एकमेकांचं कळलं नव्हतं. पण काचेपलीकडून माझ्या ओठांवरचा प्रत्येक शब्द, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका माणसानं स्वच्छ वाचला होता.

दार उघडलं. मोठी ताई आत आल्या. त्यांच्यामागे बदक काखेत मारून वकीलबाई. ताईंनी आधी मावशींकडे पाहिलं, मग आजोबांकडे, मग नव्या ताईकडे जरा जास्त वेळ. काल रिकाम्या टोपलीपाशी पाहिलं होतं तसंच, एकेक करून. आणि मला कळलं की या बाईंना कालच सगळं समजलं होतं. म्हणून “असू दे.”

त्या माझ्यासमोर आल्या. माझ्या गुडघ्यावर दोनदा टपटप केली, आणि थांबल्या.

मी पिंपावरूनच पुढे वाकले. पलीकडे पोरं झोपली होती, तरी त्या कुजबुजल्या नाहीत. दोन दिवसांत त्या घरात इतक्या मोकळ्या आवाजात कुणीच बोललं नव्हतं.

“मला ऐकू येत नाही,” मोठी ताई म्हणाल्या.